वरकड भीती

लोक उठून गेले, की नाना जमिनीवर गुडघे टेकायचे. सदऱ्याची बाही वर सारायची, कोपर मातीला लावायचं, हात लांब करायचा आणि मधल्या बोटाच्या टोकाशी नखानं खूण करायची. मग पुन्हा कोपर त्या खुणेवर. असं करत करत ते आमच्याबरोबरचा किसन बसला होता तिथून गावकरी बसले होते तिथपर्यंत सरकत जायचे. मग उठून गुडघ्यांवरची माती झाडायचे आणि मला म्हणायचे, "लिवा रायटर. साडेतीन हात."

पाहणाऱ्याला वाटे, म्हाताऱ्याचं काहीतरी हरवलंय. एका गावात एक आजी पदर खोचून त्यांच्याबरोबर शोधायला लागली. "काय पडलं वो बाबा? सुपारी का?" नाना म्हणाले, "गावाचं भ्या पडलंय आजी, त्ये गोळा करतुय." आजीनं त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे बघितलं, आणि सरकारी माणसांची डोकी उन्हानं फिरतात असं काहीतरी पुटपुटत ती निघून गेली.

नानांचं खरं नाव मी सांगत नाही. सांगितलं तर त्या भागातले दोन-चार म्हातारे अजून हसतील, आणि आता मला ते सोसणार नाही.

एकाहत्तर साली मी शेवगावला कुष्ठरोग तपासणीच्या कचेरीत लिहिण्याच्या कामावर लागलो. नगरात वाढलेला, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, आणि ही नोकरी दोन महिन्यांत सोडायची असं घरून ठरवूनच निघालेला. नाना तिथले जुने कर्मचारी. पारनेरकडचे, पन्नाशी उलटलेली, सातवी शिकलेले. सायकलवरून गावोगाव हिंडायचं, लोकांच्या अंगावरचे चट्टे तपासायचे, बधिर चट्टा सापडला की गोळ्या सुरू करायच्या, हे त्यांचं काम. लोक त्या आजाराला रगतपिती म्हणत, महारोग म्हणत, आणि पुष्कळदा नावच घेत नसत.

पहिल्या दिवशी नानांनी मला चहा पाजला. बाकावर आधीच एक माणूस बसला होता. हसतमुख, चाळिशीचा, डाव्या हाताची बोटं आत वळलेली. तो किसन. मी बाकाकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि दाराजवळची खुर्ची धरली. चहा संपला, किसन कप विसळायला गेला, आणि नाना माझ्यादेखत फरशीवर गुडघे टेकून मोजायला लागले. "साडेचार," ते म्हणाले. "वाईट न्हाई. डॉक्टरसायेब पैल्या दिवशी पाच हुते."

मला संताप आला. पण मी दोन महिन्यांनी नोकरी सोडली नाही, त्याचं एक कारण तो दिवस असावा. साडेचार हातांचा माणूस म्हणून पळून जायची मला लाज वाटली.

हे मोजणं नानांनी हौस म्हणून काढलेलं नव्हतं. पूर्वी एकदा त्यांनी एका बऱ्या झालेल्या माणसाला गावच्या चांगुलपणावर भरवसा ठेवून त्याच्या घरी पोचवलं. गावानं त्याच दिवशी त्याला बैलगाडीत घालून परत आणून सोडलं. तेव्हापासून नाना म्हणत, "मोजल्याबगर न्यायचं न्हाई." किसनला पारावर बसवायचं, चार माणसं गप्पांना बोलवायची, तंबाखू काढायची आणि कोण कुठे बसतो ते नुसतं बघायचं. एकानं टेप आणून दिला तर घेतला नाही. "टेप काडला की मानसं शानी हुत्यात," म्हणाले.

त्यांचं कोष्टकही ठरलेलं होतं. चार हातांवर माणूस नुसता बघतो. तीन हातांवर रामराम घालतो. दोन हातांवर घरची चौकशी करतो. एक हातावर आला, की चंची फिरते, एकाच चंचीतली तंबाखू दोघं मळतात. त्याहून जवळ नानांना नकोच असे. "एक हात भ्या ऱ्हाऊ द्या," ते म्हणत. "रोगाला इतकं भ्यायाच पायजे, न्हाईतर कोन गोळ्या खातंय? त्याच्या वरचं समदं वरकड." आणि अहवालात माझ्याकडून तसंच लिहून घेत: वरकड भीती, अडीच हात. डॉक्टरांनी एकदा शेरा मारला की 'हात' हे माप शासनाला मान्य नाही. नानांनी विचारलं, "मग सायेब, शासन भ्या कशात मोजतं?" डॉक्टर भले होते. हसले आणि सही केली.

आता किसनबद्दल. त्याच्या अंगातला रोग कधीच गेला होता, कानाच्या पाळीतला थेंब तपासून तपासून कंटाळा आला तरी जंतू सापडत नव्हता. पण तो राहायचा रोग्यांच्या वसाहतीतच. शेवगावपासून पाच कोसांवर त्याचं गाव. तिथे बायको, भागाबाई, आणि एक मुलगी, शेवंता. भावांनी त्याला घराबाहेर काढलं तेव्हा मुलगी रांगत होती. भागाबाई माहेरी गेली नाही, तिनं दुसरा घरोबाही केला नाही. गावाच्या कडेला खोपट बांधून मजुरीवर तिनं पोर वाढवली. ती आता अकरा वर्षांची झाली होती आणि बापाला तिनं ओळखावं असं पाहिलेलं नव्हतं.

किसन स्वतःला 'नानाचा गज' म्हणायचा. दुसरा कुणी असता तर लोकांचं असं लांब बसणं रोज रोज बघून खचला असता. हा गप्पा मारायचा, हसवायचा, आणि लोक गेले की नानांच्या पाठीमागे उभा राहून एकच विचारायचा, "किती आलं?" दुसऱ्या गावांचे आकडे तो ऐकून सोडून द्यायचा. स्वतःच्या गावचा आकडा मात्र तो दोनदा वदवून घ्यायचा. पहिल्या खेपेला तिथे चार हात आले होते. वर्षानं तीन.

"एक झालं की तुला घरी नेऊन घालतो," नाना म्हणत. "हा माजा शबुद."

"पोरीचं लगीन व्हायच्या आत न्या म्हंजे झालं," किसन म्हणायचा, आणि दोघे हसायचे. मला ते हसू ऐकवत नसे.

मग दुष्काळ पडला. बहात्तरचा. तुमच्यापैकी ज्यांनी तो पाहिला आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून कळणार नाही. गावंच्या गावं खडी फोडायला आणि तलाव खणायला गेली. किसनच्या गावाला पाझर तलावाचं काम निघालं. सगळं गाव एका जागी मिळतंय म्हणून तपासणीला आम्ही तिघे तिथे गेलो.

दुपारची सुट्टी झाली होती. त्या सगळ्या उजाड रानात एकच लिंब उभा होता, त्याच्याही निम्म्या डहाळ्या शेळ्यांना तोडून घातलेल्या. नानांनी किसनला बुंध्याशी बसवलं. लोक आले. भाकरीची फडकी सोडली. आणि मी बघतच राहिलो, कारण किसनचा सख्खा थोरला भाऊ, ज्यानं त्याला घरातून काढलं होतं, तो त्याच्या खांद्याला खांदा लागेल इतका जवळ येऊन बसला. दुसऱ्या बाजूला आणखी दोघे. कुणीतरी चंची काढली आणि ती किसनच्या हातातून पुढे गेली.

लोक कामावर परतले, तसे नाना गुडघ्यांवर बसले. एकदाच हात टेकवला आणि तिथेच थांबले. मान वर केली तेव्हा त्यांचे डोळे भरले होते.

"लिवा रायटर. अर्दा हात. अर्दाबी न्हाई वो!"

खरं सांगतो. त्या वेळी माझी पाठ उन्हात होती. सावलीत बसायला मला जागा मिळाली नव्हती. लिंबाची सावली बुंध्याभोवती जेमतेम दहा-बारा माणसांना पुरेल इतकीच होती, आणि त्यात चाळीस माणसं शिरायला बघत होती. हे मला दिसलं होतं. बोलायला तोंडही उघडलं होतं मी. पण नाना मातीत बसून रडत-हसत होते, किसन त्यांच्या पाठीशी उभा राहून "किती? परत सांगा, किती?" असं विचारत होता, आणि माझं डोकं उन्हानं ठणकत होतं. मी लिहिलं: अर्धा हात.

त्याच संध्याकाळी नानांनी शब्द पाळला. भागाबाई खोपटाच्या दारात उभी होती. तिनं पाण्याचा तांब्या आणून उंबऱ्याबाहेर जमिनीवर ठेवला. क्षणभर त्या तांब्याकडे बघितलं. मग वाकून तो परत उचलला आणि किसनच्या हातात दिला. शेवंता आईच्या मागे होती. तिनं विचारलं, "आये, ह्यो कोन?" भागाबाईनं तिला हाताला धरून पुढे घेतलं. शेवटी किसनच म्हणाला, "पावना हाय बाई. ठिवून घेतलंस तर ऱ्हाईन."

परत येताना नाना सायकलवर गाणं म्हणत होते. त्यांना गाता येत नव्हतं. एका वळणावर ते खड्ड्यात गेले, पडले, आणि उठून तेच कडवं पुढे म्हणायला लागले.

पहिले काही दिवस निरोप चांगले येत होते. मग तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी तिथला एक माणूस बाजाराला आला आणि म्हणाला, किसन गेला. कुठे गेला? ते कुणालाच ठाऊक नाही. आम्ही सायकली काढल्या.

झालं होतं ते असं. तलावावर मातीच्या पाट्या रांगेनं हातोहात जायच्या. एकीनं भरायची, दुसरीनं तिच्या हातातून घ्यायची, तिसरीला द्यायची. किसन चार दिवसांचा पाहुणा नसून कायमचा राहायला आल्याचं पंधरवड्यानं कळल्यावर भागाबाईच्या शेजारणीनं पाटी तिच्या हातात न देता खाली मातीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी भागाबाईची पाटी पुढचीनं उचललीच नाही. रांग तुटायला लागली. मुकादम काही दुष्ट माणूस नव्हता, त्याला माती मोजून द्यायची होती. तो म्हणाला, "बाई, तुज्यापायी टोळी मोडती. थोडं दिस घरी बस." दुष्काळात घरी बस म्हणजे काय, ते तिलाही कळत होतं आणि त्यालाही. चार दिवस खोपटात चूल नीट पेटली नाही. पाचव्या दिवशी, शेवंता कामावर खायला वाटत ती सुकडी आणायला गेलेली असताना आणि भागाबाई पाण्याच्या रांगेत असताना, किसन भर दिवसा उठून चालता झाला. जाताना खोपट झाडून गेला होता.

भागाबाईनं हे सगळं आवाज न चढवता सांगितलं. तिनं नानांना एक शब्द बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

नाना तिथून उठले ते थेट तलावावर गेले. चार वाजले असतील. लोक पाणी प्यायला थांबले होते. लिंबाची सावली आता लांबून पार बांधापर्यंत गेली होती, आणि त्या लांबलचक सावलीत माणसं विखरून, पाय पसरून बसली होती. नानांना बघून किसनचा भाऊ उठला आणि पलीकडे जाऊन बसला. नाना किती तरी वेळ त्या सावलीकडे बघत उभे राहिले.

"रायटर," ते म्हणाले, "मी सावली मोजली वो."

मी बांधाकडे बघितलं.

"तुमाला तरी दिसलं हुतं का?"

"नाही, नाना," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मंग दोघंबी आंदळं," म्हणाले. म्हणजे त्यांनी मला माझ्या वाट्याची माफीसुद्धा देऊन टाकली, आणि ती मी खोटं बोलून घेतली.

दुसऱ्या दिवसापासून नानांनी रजा टाकली, भागाबाईला पुन्हा कामावर नेलं आणि ते पाट्यांच्या रांगेत तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले. अंगात सरकारी खाकी सदरा, डोक्याला टॉवेल. तिच्या हातातली पाटी घ्यायची आणि पुढे द्यायची. पुढची बाई घेईना, तर स्वतः चार पावलं चालत जाऊन बांधावर ओतून यायचे. पोरं हसली. मुकादम म्हणाला, "नाना, तुमचं वय काय, ह्ये काय चालवलंय?" तीन दिवस नाना असे दोन माणसांचं काम करत राहिले. त्यांच्या तळहाताला फोड आले. चौथ्या दिवशी पुढच्या बाईनं, बहुतेक म्हाताऱ्याची कणव येऊन, हात पुढे केला. आठवड्यानं भागाबाईच्या हातून पाट्या पुन्हा नीट जायला लागल्या आणि नाना कचेरीत परतले.

पण किसन गेला तो गेलाच. नाना त्याला शोधत राहिले. आठवड्याचे बाजार, जत्रा, एस.टी. स्टँड, देवळांच्या पायऱ्या. वाडगं घेऊन बसलेल्या ओळीपुढे ते वाकून एकेक चेहरा बघत चालायचे. मी दोन-तीनदा बरोबर गेलो. मग कामाची सबब सांगायला लागलो. त्यांच्याशेजारून चालताना मला ते एक खोटं सारखं आठवायचं.

मोजणं त्यांनी सोडलं. अहवालातला तो रकाना मी कोरा ठेवू लागलो. नव्या डॉक्टरांनी एकदा विचारलं, इथे काय भरायचं असतं? नाना म्हणाले, "काय न्हाई सायेब. येक येडा हुता, त्यो भरायचा." पुढच्या वर्षी ते निवृत्त होऊन केडगावला गेले. निरोपाच्या दिवशी मला म्हणाले, "किसनचं कायबी कळलं, वाईट कळलं तरीबी, येऊन सांगा. कार्ड नका टाकू. येऊन सांगा."

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात मला शेवगावच्या बाजारात भागाबाई भेटली. सोबत शेवंता. उंच झाली होती. मी नानांची कानावर आलेली हकिकत सांगितली, की प्रकृती बरी नसते, छातीत दुखतं, किसनचा विषय निघाला की ते बोलायचे थांबतात. त्यांना वाटतं, आपल्यामुळे एका माणसाचं होतं नव्हतं ते गेलं.

शेवंता म्हणाली, "त्यास्नी सांगा, माजा बाप माज्याकडं एकवीस दिस हुता."

ती पुढे बोलत राहिली. "त्यानं मला झोका बांदून दिल्ता. खोपटाच्या आड्याला. येकाच हातानं दोर वळला, दुसऱ्यानं नुसता दाबून धरला. मी झोक्यावर बसायची आन त्यो मागनं ढकलायचा. पोरी इचारत्यात, तुजा बाप कसा हुता? पैलं मला सांगता येत नव्हतं. आता येतंय."

भागाबाई म्हणाली, "नानांनी आनलं नसतं तर पोरीनं बाप बघितलाच नसता, सायेब. ज्ये झालं त्ये झालं. पन येवढं त्यांच्या कानावर घाला."

घालतो म्हणालो. शेवगावहून केडगाव काही परदेश नाही. सकाळची एस.टी. धरली तर दुपारच्या जेवणाला पोचता येतं. मी गेलो नाही. पहिला महिना कामात गेला असं मी स्वतःला सांगितलं. पण खरी गोष्ट अशी की नानांसमोर बसून शेवंताचा निरोप सांगायचा, तर मला त्या लिंबाखालची दुपारही सांगावी लागली असती. ती न सांगता हा निरोप देणं मला जमलं नसतं, आणि ती सांगायची माझी छाती नव्हती. एका आजारी, भल्या म्हाताऱ्याला मी इतका घाबरलो. दिवाळीला जाऊ असं ठरवलं.

दिवाळीच्या पंधरा दिवस आधी नाना गेल्याचं कार्ड आलं.

मी गेलो तेव्हा दहावा होऊन गेला होता. नानांच्या पत्नीला मी काकू म्हणत असे. त्यांनी बसायला घोंगडी टाकली आणि तांब्या आणून दिला. म्हणाल्या, "एस.टी. थांबल्याचा आवाज आला, की दाराकडं बघायचे. शेवगावचं कोन आलं का, म्हनून इचारायचे. मी म्हनायची, न्हाई वो, पानी प्या."

मी मान खाली घातली आणि सगळं सांगितलं. लिंबाखालची दुपार सांगितली, माझं खोटं सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. त्या ओळखत होत्या तो माणूस असता तर तोही रागावला नसता, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मला दिसत होतं. मग मी शेवंताचा निरोप सांगितला, तिच्याच शब्दांत, जसा आठवत होता तसा.

काकूंनी पदराचं टोक तोंडाशी नेलं.

"झोका बांदून दिल्ता?" त्या म्हणाल्या. "ह्ये त्यांना कुनी सांगितलंच न्हाई की वो."

"मी सांगणार होतो, काकू," मी म्हणालो.